गंगापूरचं ऊन आणि आत्याची भिशी

बोटॉक्स, फिलर, लेझर... हे शब्द आता कोरेगाव पार्क आणि बांद्र्यापुरते राहिलेले नाहीत. संभाजीनगरपासून साधारण चाळीस किलोमीटरवरच्या एका तालुक्याच्या गावात त्यांचा माग काढत केलेली ही दोन-अडीच दिवसांची सफर!

'वीकेण्डला कुठे?' या प्रश्नाला 'गंगापूर' असं उत्तर कुणीच देत नाही. वेरूळ, दौलताबाद, फार तर पैठण. गंगापूर म्हटलं की अर्ध्या लोकांना नाशिकचं धरण आठवतं, उरलेल्यांना दत्ताचं गाणगापूर. हे तिसरंच. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातलं, गोदावरीच्या अल्याडचं, कापसाचं, एसटी स्टॅण्ड आणि तहसील कचेरीच्या भोवती वाढलेलं. इथे बघायला काय आहे, असं विचाराल तर गावकरीच हसतील. मी मात्र यावेळी एकच गोष्ट बघायला गेले होते. चेहरे!

निमित्त होतं आत्याच्या फोनचं. आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. वय छप्पन्न, रिटायरमेंटला दोन वर्षं. फोनवर आधी पाऊस, मग कापसाचा भाव, मग चुलतभावाचं लग्न, आणि मग अगदी सहज विचारावं तसं, "काय गं, तू मासिकांत लिहितीस ना... ते बोटॉक्स म्हणजे नेमकं काय असतं?"

मी दोन सेकंद गप्प. आपल्या ऑफिसात हा प्रश्न कुणालाच धक्का देत नाही. कॅण्टीनमध्ये सत्ताविशीच्या मुली 'प्रिव्हेण्टिव्ह' वगैरे बोलत असतात. पण आत्या? जिने आयुष्यभर पॉण्ड्सच्या पुढे काही लावलं नाही, ती? शहरात एका स्टोरीचं काम निघालंच होतं. म्हटलं, चला, पुढे गंगापूरपण करू.

स्कार्फचा रस्ता

सिद्धार्थ गार्डनजवळच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून लालपरी पकडली. छावणी, नगर नाका, गोलवाडी मागे पडलं की छोटं पंढरपूर येतं. आषाढीला ज्यांना मोठ्या पंढरपूरला जाणं जमत नाही, त्यांची गर्दी इथे होते. आणि मग वाळूज एमआयडीसी. खूप जणांना माहीत नसतं, पण वाळूज गंगापूर तालुक्यात येतं. बजाजचा कारखाना इथे १९८५ मध्ये सुरू झाला आणि त्याच्यामागे सुट्या भागांची शेकडो युनिट्स आली. म्हणजे एकाच तालुक्याच्या एका टोकाला शिफ्टचे भोंगे आणि दुसऱ्या टोकाला कापसाची वेचणी.

खिडकीतून बघत बसले. स्कूटीवरच्या मुलींचे चेहरे दिसतच नाहीत! स्कार्फ असा गुंडाळलेला की फक्त डोळे उघडे, त्यावर गॉगल, हातात कोपरापर्यंत मोजे. पुढे शेतं लागली आणि तोच फण्डा वेगळ्या कपड्यांत दिसला. साडीवर पुरुषी फुलबाह्यांचा शर्ट, डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेला रुमाल, कमरेला कापसाची ओटी. मराठवाड्याच्या उन्हाशी बायका पिढ्यान्‌पिढ्या अशाच लढत आल्या आहेत. आपण आज ज्याला 'फिजिकल सनस्क्रीन' म्हणतो, ते हेच.

ऊन काय करतं, याचं एक भन्नाट उदाहरण आहे. २०१२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एका ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो छापून आला. माणसाने २८ वर्षं डिलिव्हरीचा ट्रक चालवलेला. खिडकीकडचा डावा गाल जाड, सुरकुतलेला, लोंबलेला; उजवा त्या मानाने कितीतरी तरुण. एकाच माणसाचे दोन गाल! कारण अतिनील किरणांतले 'यूव्ही-ए' काचेतूनही आत येतात आणि त्वचेच्या खोलवर जाऊन कोलॅजनचे धागे तोडतात. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणजे हिशोब उलटा. तेव्हापासून मी एसटी ड्रायव्हरांचे उजवे गाल बघते. तुम्हीही बघा. आणि हो, ऑफिसात काचेच्या भिंतीशेजारी डेस्क असेल, तर स्वतःचाही.

"बाई, बरं नाही का?"

गंगापुरात उतरले तेव्हा संध्याकाळ झाली होती. स्टॅण्डपासून आत्याच्या घरापर्यंतच्या रस्त्यावर मी ब्यूटी पार्लरचे सात बोर्ड मोजले. सातही बोर्डांवर कुठल्यातरी हिरॉइनचा गुळगुळीत चेहरा. मध्येच एक फोटो स्टुडिओ. त्याच्या दारात लग्नाचे अल्बम, आणि अल्बममधल्या सगळ्या नवऱ्या एकाच रंगाच्या. "ताई, फोटोत गोरं करून मागतातच," स्टुडिओवाला म्हणाला, "नाही केलं तर फोटो परत येतो."

जेवणं झाल्यावर आत्याने विषय काढला. तिची भिशी लागली होती. वीस जणी, महिन्याला पाच हजार, म्हणजे एकरकमी लाख रुपये. आधीच्या एका भिशीतून फ्रिज आला, एकीतून बोअर मारलं, एक दादाच्या इंजिनिअरिंगच्या फीमध्ये गेली. "ही माझी," आत्या म्हणाली. "काहून? एकदा तरी माझी नको का?"

नको का? हवीच की. पण चेहऱ्यावर का?

"शाळेत रोज कुणीतरी विचारतं, बाई, बरं नाही का? लग्नाला गेले तर विचारतात, आजारी होता का? अगं, मी ठणठणीत आहे. रोज तीन किलोमीटर चालते. चेहराच खोटं बोलू राहिलाय."

मग तिने हळूच सांगितलं की हे घरात कुणाला माहीत नाही. सुनेला नाही, काकांना तर नाहीच. गावात कळलं तर 'या वयात हे काय थेर' असं म्हणतील. मोतीबिंदूचं ऑपरेशन सगळ्यांना सांगून होतं, गुडघ्याचं तर पत्रिका छापल्यासारखं! चेहऱ्याचं मात्र लपून. शहरातल्या एका क्लिनिकची शनिवारची अपॉइण्टमेंट तिने आधीच घेऊन ठेवली होती. मी सोबत यायचं, एवढंच माझं काम.

सुई नेमकं काय करते?

रात्री गच्चीवर बसून मी तिला जे सांगितलं, ते थोडक्यात तुम्हालाही.

बोटॉक्स म्हणजे बोट्युलिनम टॉक्सिन. एका जीवाणूचं विष, अगदी सूक्ष्म मात्रेत. नसेकडून स्नायूला जाणारा निरोप ते अडवतं, म्हणून स्नायू सैलावतो आणि त्याच्यावरची त्वचा चुरगळायची थांबते. शोध लागला तो अपघाताने. कॅनडात व्हँकुव्हरच्या जीन कॅरुदर्स या नेत्रतज्ज्ञ, पापण्यांच्या झटक्यांवर त्या हे औषध द्यायच्या. १९८७ च्या सुमारास त्यांच्या लक्षात आलं, की पेशंटच्या भुवयांमधल्या आठ्यापण जातायत! नवरा त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी मिळून काम केलं, आणि एप्रिल २००२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने भुवयांमधल्या रेषांसाठी मान्यता दिली. परिणाम काही दिवसांत दिसतो, तीन-चार महिन्यांत ओसरतो. म्हणजे भिशी एकदाच लागून भागत नाही, दरवर्षी लागावी लागते!

फिलर म्हणजे भरणी. बहुतेक हायलुरोनिक ॲसिडची जेल. खोल गेलेल्या रेषा, बसलेले गाल भरून काढायला. काही महिने ते वर्ष-दीड वर्ष टिकते. नको वाटली तर विरघळवणारं इंजेक्शनही असतं. पण सुई चुकून रक्तवाहिनीत गेली तर त्वचा मरू शकते, क्वचित दृष्टीही जाऊ शकते. 'लंच टाइम प्रोसिजर' या गोंडस नावामागे हेही असतं.

आणि पन्नाशीनंतर चेहरा अचानक उतरतो, ते नुसतं मनाचं नसतं. पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या पाचेक वर्षांत त्वचेतलं साधारण तीस टक्के कोलॅजन जातं, असं मानलं जातं. शिवाय चेहऱ्याची हाडंही थोडी झिजतात. खांबच आखूड झाले की मांडव लोंबणारच.

आत्याने सगळं नीट ऐकलं. मग म्हणाली, "म्हणजे इडलीच्या पिठासारखं आहे. रोज नवं भिजवा."

पांढरी डबी

शनिवारी सकाळी शहरात जाण्याआधी ती मला तिच्या पार्लरमध्ये घेऊन गेली, भुवया करायला. आरशासमोर एक पांढरी डबी होती. लेबल नाही, कंपनी नाही. "ही आमची स्पेशल नाइट क्रीम," पार्लरवाली मुलगी कौतुकाने म्हणाली. "मॅडम वर्षभर लावतात. वांग किती फिका झालाय बघा!"

आत्याचा वांग खरंच फिका झाला होता. पण गालांवर बारीक लाल शिरा दिसत होत्या, आणि उन्हात गेलं की चेहरा भाजल्यासारखा होतो, हे तिने कालच सांगितलं होतं. मुलीला विचारलं, यात काय असतं? ती प्रामाणिकपणे म्हणाली, "एक क्रीम आणि एक ट्यूब मिक्स करतो. मेडिकलवाल्याने सांगितलीय."

ही 'ट्यूब' आपल्या देशातल्या त्वचेच्या डॉक्टरांची जुनी डोकेदुखी आहे. बीटामेथासोन, क्लोबेटासोल अशी स्टिरॉइड्स. खाज, इसब यांवर औषध म्हणून उत्तम, पण महिनोन्‌महिने चेहऱ्यावर लावली तर त्वचा पातळ होते, शिरा दिसू लागतात, मुरुम आणि लव वाढते, आणि थांबवलं की चेहरा पेटतो. म्हणजे सोडताही येत नाही. डॉक्टरांनी या अवस्थेला वेगळं नावच देऊन टाकलं आहे. मार्च २०१८ मध्ये सरकारने अशा १४ स्टिरॉइड क्रीम्स प्रिस्क्रिप्शनशिवाय विकायला बंदी घातली. कागदावर!

आणि स्टिरॉइडच कशाला? २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली होती. तिथल्या एका ब्यूटिशियनकडची उजळवणारी क्रीम एकाच घरातल्या तिघींनी वापरली आणि तिघींच्या किडन्यांना त्रास झाला. मुंबईत केईएममध्ये तपासणी झाली, तेव्हा क्रीममध्ये पारा सापडला. आपण सुईला घाबरतो आणि डबी निर्धास्त लावतो. खरं तर सुईवाल्याला निदान डिग्री विचारता येते.

पॅकेज घ्या ना, मॅडम

शहरातलं क्लिनिक चकाचक होतं. एसी, लव्हेंडरचा वास, भिंतीवर 'बिफोर-आफ्टर'. डॉक्टर नंतर भेटणार होते, आधी एक 'काउन्सिलर'. हातात टॅब. दहा मिनिटांत पॅकेज तयार. कपाळाला बोटॉक्स, गालांना फिलर, जबड्याला धागे, वांगाला लेझर. पंच्याऐंशी हजार, आज बुक केलं तर पंच्याहत्तर. आत्याकडे बघून झाल्यावर तिने माझ्याकडे वळून गोड हसून विचारलं, "मॅडम, तुम्ही पण प्रिव्हेण्टिव्ह सुरू करा ना. अठ्ठावीस म्हणजे परफेक्ट एज!"

मी वीकली डेडलाइनवर जगणारी बाई. अठ्ठाविसाव्या वर्षी माझ्या कपाळावर ज्या आठ्या आहेत, त्या एडिटर बदलल्याशिवाय जाणार नाहीत.

आत्याने टॅबवरची यादी वहीत उतरवून घेतली (शिक्षिका ना!) आणि "कळवते" म्हणून उठली. मग आम्ही एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंकडे गेलो. साधा दवाखाना, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, दीड तास नंबर. खुर्चीवर बसून मी आत्याला नाकाची गोष्ट सांगितली.

गोष्ट पुण्याची आहे. कावसजी नावाचा मराठा गडी इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायचा. १७९२ च्या लढाईत तो टिपूच्या हाती लागला, त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराने पुण्याजवळच्या एका वीटा पाडणाऱ्या जातीतल्या वैद्याने त्याच्या कपाळाची कातडी वळवून खाली आणली आणि नवीन नाक बसवलं. दोन इंग्रज डॉक्टर बघत उभे होते. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये हे चित्रासकट छापून आलं. ते वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने सराव केला, १८१४ मध्ये तिकडे तशीच शस्त्रक्रिया केली आणि दोन वर्षांनी त्यावर पुस्तक लिहिलं. आजच्या प्लॅस्टिक सर्जरीची एक मोठी वाट अशी पुण्यावरून जाते. सुश्रुताने नाक जोडायची पद्धत लिहून ठेवली होती, ती त्याच्याही कितीतरी आधी.

"त्याला कुणी थेर म्हणालं नसेल," आत्या म्हणाली.

"त्याला नाकच नव्हतं गं."

"मग? मला झोप झालेला चेहरा नाही."

डॉक्टरबाई काय म्हणाल्या...

डॉक्टरबाईंनी यादी वाचली, बाजूला ठेवली आणि आत्याला सांगितलं, "मॅडम, भुवया अजिबात न उचलता समोर बघा." आत्याने प्रयत्न केला. भुवया खाली आल्या आणि वरच्या पापणीची कातडी डोळ्यांवर उतरली, जवळजवळ बुबुळापर्यंत. "आता सहज बघा." भुवया लगेच वर, कपाळावर चार आठ्या.

हेच सगळ्याचं मूळ होतं! पापण्या जड झाल्यात, म्हणून नीट दिसावं यासाठी कपाळाचा स्नायू दिवसभर भुवया उचलून धरतो. आठ्या त्याच्या. दमलेला चेहरा त्याचा. संध्याकाळी दुखणारं डोकंही कदाचित त्याचंच. "आता या कपाळाला बोटॉक्स दिलं असतं, तर तो स्नायू झोपला असता," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आठ्या गेल्या असत्या, पण भुवया खाली येऊन पापण्या आणखी मिटल्या असत्या. तीन-चार महिने तुम्हाला मान वर करून फळा बघावा लागला असता."

मी आणि आत्या एकमेकींकडे बघत राहिलो. पंच्याहत्तर हजारांत!

त्यांनी सांगितलेला क्रम असा. आधी नेत्रतज्ज्ञांकडून दृष्टिक्षेत्राची तपासणी. पापणीमुळे वरचं दिसणं खरंच कमी झालं असेल, तर पापणीचं छोटं ऑपरेशन. जागा बधिर करून होतं, टाक्याची खूण पापणीच्या घडीत लपते, सूज आणि काळं-निळं एक-दोन आठवड्यांत उतरतं. डबी बंद, पण एकदम नाही. त्यांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने. वांगाला लेझरची घाई नको, सावळ्या त्वचेवर त्याने डाग उलट गडद होऊ शकतो. त्यापेक्षा रोज सनस्क्रीन, तेही रंग असलेलं, कारण त्यातलं आयर्न ऑक्साइड दृश्य प्रकाशही अडवतं आणि वांग त्यानेही वाढतो. ऑस्ट्रेलियात साडेचार वर्षं चाललेल्या एका अभ्यासात, जो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी म्हातारी झाली होती. ही सगळ्यांत स्वस्त 'प्रोसिजर'. आणि हिमोग्लोबिन-थायरॉइडही बघून घ्या, म्हणाल्या. दमलेला चेहरा कधीकधी खरंच दमलेला असतो.

"आणि तोंडाजवळच्या या रेषा?" आत्याने विचारलंच.

"त्यांना फिलर करता येईल. घाई नाही. हव्याच असतील तर या."

कायगाव टोका

रविवारी पुण्याच्या गाडीला बसण्याआधी आत्या मला कायगाव टोक्याला घेऊन गेली. इथे प्रवरा गोदावरीला मिळते. अलीकडे गंगापूर तालुका, पुलापलीकडे अहिल्यानगर जिल्हा. पाणी पसरट, संथ. जायकवाडीच्या नाथसागराचा फुगवटा इथपर्यंत येतो. पलीकडे सिद्धेश्वराचं देखणं दगडी मंदिर. त्याच्या भिंतींवरची शिल्पं बघत आम्ही निवांत फिरलो. नदीवर दशक्रिया चालू होत्या. घाटावर भेळवाला होता. एका बाजूला एक जोडपं लग्नाचं प्री-वेडिंग शूट करत होतं आणि फोटोग्राफर नवरीला ओरडत होता, "ताई, कपाळ सैल सोडा!"

आत्या हसली. मग पायरीवर बसून तिने मला हिशोब सांगितला. आधी तपासणी. ऑपरेशन लागलं तर उन्हाळ्याच्या सुट्टीत, शाळा बुडवायची नाही. उरलेले पैसे बँकेत, तिच्या एकटीच्या नावावर. आणि घरी आजच सांगणार.

"काकांना काय सांगशील?"

"जे आहे ते. डोळ्यांवर पापणी आलीय आणि मला चांगलंही दिसायचंय. दोन्ही कारणं खरी आहेत. एकच का सांगू?"

मला वाटतं, या सगळ्या फिरण्यातलं हे सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य. आपल्याकडे बाईने स्वतःवर खर्च करायचा तर त्याला आजाराचं सर्टिफिकेट लागतं. आत्याकडे ते होतंच, पण तिने दुसरं कारण लपवलं नाही.

पुढच्या आठवड्यात तिचा फोन आला. तपासणीत वरच्या बाजूचं दिसणं खरंच कमी निघालं. मे महिन्यातली तारीख ठरली आहे. हिमोग्लोबिनही नऊ निघालं, गोळ्या सुरू. पार्लरवाल्या मुलीला तिने शिक्षिकेच्या थाटात पाऊण तास शिकवलं. पांढरी डबी आता काउण्टरवर नसते. काका दोन दिवस गप्प होते, तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "माझ्यापण पापण्या दाखवायच्या का?"

आणि तोंडाजवळच्या रेषा? "त्या पोरांवर ओरडून आल्यात," आत्या म्हणाली. "रिटायर झाल्यावर बघू."

जाणार असाल तर...

कसं जाल? संभाजीनगरच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून नगर रोडने एसटी. रेल्वेने यायचं तर मनमाड–संभाजीनगर मार्गावरचं लासूर स्टेशन याच तालुक्यात, पुढे रस्त्याने.

काय बघाल? कायगाव टोक्याचा संगम, पलीकडचं सिद्धेश्वर मंदिर, वाटेवरचं छोटं पंढरपूर. दिवाळीनंतर गेलात तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पांढराशुभ्र कापूस!

आणि क्लिनिकला जाणार असाल तर? तीन प्रश्न विचारा. सुई कोण टोचणार आणि त्याची डिग्री काय? बाटली माझ्यासमोर उघडणार का? काही बिघडलं तर रात्री फोन कोण उचलणार? सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने स्पष्टच सांगितलं आहे, की यूट्यूब बघून शिकणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे. 'आजच बुक केलं तर डिस्काउंट' ऐकलं की आत्यासारखं करा. वहीत लिहून घ्या, "कळवते" म्हणा आणि उठा.

सोबत काय न्याल? पाण्याची बाटली, सुती स्कार्फ आणि सनस्क्रीन. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली, तरीसुद्धा!